‘सिंटिलेटिंग’ म्हणजे नक्की कसं?

प्रश्न असा आहे की, इंग्रजी परीक्षणांत ‘सिंटिलेटिंग परफॉर्मन्स’ वारंवार वाचायला मिळतं, त्याचा नेमका अर्थ काय आणि हा शब्द आला कुठून?

आधी उच्चार. स्पेलिंगमध्ये ‘एस’च्या मागोमाग ‘सी’ आहे, पण ‘स्किंटिलेटिंग’ म्हणू नये. तिथे एकच ‘स’ ऐकू येतो. मूळ लॅटिन ‘स्किंटिला’, म्हणजे ठिणगी. ही ठिणगी लक्षात ठेवली की अर्थ आपोआप लागतो. घासूनपुसून ठेवलेलं भांडं लखलखतं ते एकसारखं. ठिणगी उडते, विझते, लगेच दुसरी उडते. ‘सिंटिलेट’मध्ये ही उघडझाप आहे. खगोलशास्त्रात ताऱ्यांच्या लुकलुकण्याला ‘सिंटिलेशन’ म्हणतात ते त्यामुळेच. ताऱ्याचा प्रकाश वातावरणातल्या खळबळत्या थरांतून वाकत येतो, म्हणून क्षणाक्षणाला कमीजास्त होतो. भौतिकशास्त्रातही तेच नाव. 1909 च्या सुमारास मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डच्या प्रयोगशाळेत त्याचे सहकारी गायगर आणि मार्सडेन अंधारात डोळे सरावू देऊन बसत आणि झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून बाहेर पडणारा सूक्ष्म कण) आदळला की उमटणारी एकेक बारीक चमक सूक्ष्मदर्शकातून मोजत. ती चमक म्हणजे ‘सिंटिलेशन’.

या शब्दाची भावंडं तर फारच मजेदार आहेत. बोलताबोलता लॅटिनमध्ये ‘स्किंटिला’चं ‘स्टिंकिला’ झालं. आपण नुकसानाचं ‘नुसकान’ करतो, तसाच हा वर्णविपर्यय. त्यातून फ्रेंचमध्ये ठिणगीला ‘एतँसेल’ शब्द मिळाला आणि त्याच्याच जुन्या रूपावरून इंग्रजीत ‘टिन्सेल’ आला. टिन्सेल म्हणजे आधी सोन्याचांदीच्या तारा विणलेलं कापड, पुढे सजावटीच्या चमचमत्या पट्ट्या. ‘स्टेन्सिल’ही याच घरातला! जुन्या फ्रेंचमधल्या ‘चमकत्या रंगांनी सजवणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून तो आला. अक्षरं गिरवायच्या त्या छिद्रांच्या पट्टीत ठिणगी लपलेली असेल असं कोणाला वाटेल?

मराठीत काय म्हणायचं, हे संदर्भावर ठरेल. दागिना असेल तर ‘चमचमता’. मैफल किंवा खेळी असेल तर ‘झळाळती’ चालेल. ‘चमकदार’ मला वापरून गुळगुळीत झालेला वाटतो. संभाषणासाठी मात्र ‘खुसखुशीत’ किंवा ‘चुरचुरीत’च घ्यावा, कारण तिथे इंग्रजी शब्दाचा रोख हजरजबाबीपणावर असतो. कंटाळवाण्या गप्पांना कोणी ‘सिंटिलेटिंग’ म्हणालं, तर तो टोमणा समजावा.

‘कोरस्केटिंग’ हा याचा जवळचा समानार्थी, पण तो जपून वापरा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ थरथरणे, चमकणे; तरी हल्ली काही जण, विशेषतः ब्रिटनमध्ये, ‘कोरस्केटिंग’ टीका म्हणजे सालटी काढणारी टीका असं धरून चालतात. बहुधा ‘एक्सकोरिएटिंग’ (सालटी काढणारा) या शब्दाशी झालेली गल्लत. कोशांनीही आता तो अर्थ नोंदवायला सुरुवात केली आहे.