करोनाकाळातील २० लाख कोटींच्या पॅकेजमुळे आणि टाळेबंदीमुळे नेमके काय साधले?

मे २०२० मध्ये जाहीर झालेले २० लाख कोटींचे पॅकेज लोकांपर्यंत पोहोचले का आणि टाळेबंदीचा आरोग्याच्या दृष्टीने काही उपयोग झाला का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते, जिथे यंत्रणा आधीपासून उभी होती तिथे मदत पोहोचली आणि जिथे ती ऐन संकटात उभारावी लागली तिथे उशीर झाला.

प्रथम त्या रकमेविषयी. सरकारने मांडलेल्या सुमारे २०.९७ लाख कोटींच्या हिशेबात जवळपास ८ लाख कोटी रुपये रिझर्व्ह बँकेने बँकांना उपलब्ध करून दिलेल्या रोकडसुलभतेचे, म्हणजे बँकांना कर्जे देता यावीत म्हणून मोकळ्या केलेल्या पैशाचे, होते, तर ३ लाख कोटी लघुउद्योगांच्या विनातारण कर्जाला दिलेल्या हमीचे होते. हमी म्हणजे खर्च नव्हे; कर्ज बुडाले तरच सरकारला पैसे मोजावे लागतात. या योजनेने तगून राहू शकणाऱ्या उद्योगांना आधार दिला, हे मान्य करायलाच हवे, परंतु ज्याचा रोजगारच गेला त्याच्या हातात तिने थेट काही ठेवले नाही.

थेट मदत आली ती मुख्यतः शिधापत्रिकेवर. एप्रिल २०२० पासून सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत मिळू लागले, आणि ते इतक्या लवकर शक्य झाले कारण गोदामे भरलेली होती व रास्त भाव दुकानांचे जाळे गावोगाव होते. रोजगार हमीचेही तसेच. मूळ ६१,५०० कोटींच्या तरतुदीत ४०,००० कोटींची भर पडली आणि गावी परतलेल्यांना निदान काम मागता आले. महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने जमा झालेले दरमहा ५०० रुपये मात्र, उत्पन्न पूर्ण थांबलेल्या कुटुंबासाठी, फारच अपुरे होते.

सर्वांत मोठी चूक मला स्थलांतरित मजुरांबाबत दिसते. २४ मार्चच्या रात्री ८ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देश बंद झाला. श्रमिक रेल्वेगाड्या १ मे रोजी सुटल्या, आणि शिधापत्रिका नसलेल्या मजुरांसाठी धान्याची घोषणा १४ मे रोजी झाली. शिधापत्रिका गावी आणि माणूस शहरात, ही अडचण काही त्या रात्री निर्माण झालेली नव्हती. त्या सात आठवड्यांत लोक शेकडो किलोमीटर पायी चालत गेले, आणि त्याचे समर्थन मला कोणत्याही आकडेवारीने करता येत नाही.

आरोग्याच्या बाबतीत टाळेबंदीने वेळ मिळवून दिला, आणि चाचण्यांपुरता तो चांगला वापरला गेला: जानेवारी २०२० मध्ये पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था एवढीच प्रयोगशाळा ही चाचणी करू शकत होती, ती क्षमता पुढे देशभर पसरली. प्राणवायूची तयारी मात्र तोकडी राहिली. एप्रिल २०२१ मध्ये उत्पादन प्रामुख्याने पूर्वेकडील पोलाद कारखान्यांत आणि रुग्ण महाराष्ट्र-दिल्लीत, अशी स्थिती असताना टँकर पुरेनात, म्हणून कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला पाठवावे लागले. त्याच सुमारास १८ ते ४४ वयोगटाच्या लशी राज्यांनी स्वतः खरेदी कराव्यात असे धोरण आले. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कठोर प्रश्न उपस्थित केले, आणि २१ जून २०२१ पासून राज्यांच्या वाट्याची खरेदी पुन्हा केंद्राने आपल्याकडे घेतली.