चर किती खणले, की विहिरीला पाणी किती?

प्रश्न : आमच्या तरुण मंडळाने गेली चार वर्षे दर उन्हाळ्यात श्रमदान करून डोंगरउतारावर समतल चर खणले, झाडे लावली, एक जुना बंधाराही दुरुस्त केला. किती मीटर काम झाले याची नोंद चोख आहे. तरीही मार्च उजाडला की गावाला टँकर लागतो. मुले आता थकली आहेत. यंदा आणखी चर खणावेत का?
– एक वाचक, आष्टी (जि. बीड)

उत्तर : यंदा खणण्याआधी मोजावे, असे मी आग्रहाने सुचवेन. चरांच्या लांबीवरून आपण किती घाम गाळला ते कळते, पाणी किती मुरले ते कळत नाही. त्यासाठी शिवाराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाच्या मिळून आठ-दहा विहिरी निवडाव्यात, प्रत्येकीच्या काठावर रंगाने खूण करावी आणि दर पंधरवड्याला, सकाळी मोटारी सुरू होण्यापूर्वी, त्याच खुणेपासून वजन बांधलेली दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते पाहावे. तो आकडा वहीत मिटून न ठेवता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. झाडांचे खड्डे मोजणेही थांबवून दुसरा उन्हाळा काढलेली रोपे तेवढी मोजावीत.

विहिरी ऑक्टोबरमध्ये भरलेल्या आणि फेब्रुवारीत तळाला गेलेल्या दिसल्या, तर दुखणे बहुधा उपशात आहे. आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी साठायला मुळात जागा थोडी. चरांनी मुरवलेले पाणी बोअर आणि ऊस खेचून नेत असतील, तर आणखी चर खणून टँकर थांबणार नाही. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाणी अडवण्याच्या जोडीने हाच अवघड भाग हाती घेतला : शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, आणि दरवर्षी पाऊस व विहिरींची पातळी पाहून, पिण्याचे पाणी आधी राखून, मग पिके ठरवायची.

चर खणताना गावात कोणाशी वाकडे येत नाही. बोअरचा विषय काढला की घरचेच लोक नाराज होतात, हे मी जाणतो. म्हणूनच हाती आकडे हवेत. ऑक्टोबरच्या नोंदी घेऊन रब्बीच्या पेरणीपूर्वी ग्रामसभेत हा विषय मांडावा, आणि तोवर श्रमदान जुन्या चरांतला गाळ काढण्यापुरतेच ठेवावे.