पान ७ बद्दल

सोलापूर

प्रिय बाळ,

रात्री पावणेतीनला तू व्हॉट्सॲपवर पाठवलेली गणिताची ४२ पानं मिळाली. सोबत ‘सर, बरोबर आहे का?’ एवढंच. वाचली. उत्तर शेवटी देतो.

परवा कन्ना चौकात तुझी आई भेटली. कारखान्यात विड्या देऊन परत निघाली होती. म्हणाली, "सर, पोरगं खोलीतनं बाहेरच येईना. ताट दारात ठेवलं तर तसंच असतंय." ऐकताना मला माझीच आई आठवली.

तुझ्या वयात मी एका कोनाच्या नादी लागलो होतो. नुसती बिनखुणांची पट्टी आणि कंपास घेऊन कुठल्याही कोनाचे तीन सारखे भाग करायचे. दोन भाग शाळेतलं पोरही करतं, मग तीन का नाही? पूर्व भागातली आमची खोली, भिंतीपलीकडे वडिलांचा माग. त्याची खटखटसुद्धा मला ऐकू यायची नाही. अशी दोन वर्षं. गड्ड्याची यात्रा दोनदा आली नि गेली. सातही नंदीध्वज निघाले असतील, मी दार लावून आत. बहिणीचं लग्न ठरल्याचं मला सुपारी फुटल्यावर कळलं, तेही शेजाऱ्याकडून. ते तिनं अजून विसरलेलं नाही.

अखेर एकदा जमलं. साठ अंशांतून वीस अंश निघाले. कोनमापक ठेवलं, रेघेवर रेघ. वही घेऊन एका जुन्या मास्तरांकडे पळालो. त्यांनी चहा मागवला, वही पालथी-उलथी करून पाहिली आणि म्हणाले, "चूक पेन्सिलीच्या जाडीत लपलीय." मग सांगितलं, की हे होणारच नाही असं पिएर वान्त्झेल या फ्रेंच माणसानं १८३७ सालीच सिद्ध केलंय. पट्टी-कंपासनं बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार या चार क्रिया होतात आणि वर्गमुळं निघतात. साठ अंशांचे तीन भाग करायला जे समीकरण सुटावं लागतं ते घनाचं, म्हणजे तिसऱ्या घाताचं, आणि त्याचं उत्तर नुसत्या वर्गमुळांतून कधीच हाती येत नाही. चहा निवायच्या आत सगळं संपलं.

तेव्हा मला कृतज्ञता वगैरे काही वाटली नाही, हे कबूल करतो. राग आला. आठ दिवस त्यांच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. मग गेलो, कारण तो पुरावा समजून घ्यायची हाव सुटली होती. खरं गणित तिथून सुरू झालं.

गंमत म्हणजे तो वान्त्झेलही तुझ्याच पंथातला. रात्र रात्र जागायचा, झोप तुटक, कधी कॉफी तर कधी अफू. लग्न होईपर्यंत जेवणाला वेळ-काळ नाही, असं त्याच्या सहकाऱ्यानं लिहून ठेवलंय. १८४८ साली गेला, वय ३३. मोठं काम करून गेला, तरी त्याची ही बाजू मला उचलावीशी वाटत नाही.

आता तू रामानुजनचं नाव काढशील. सगळेच काढतात! पण तो माणूस १९१० मध्ये वह्या काखेत मारून लोकांची दारं ठोठावत होता, आणि १९१३ मध्ये त्यानं केंब्रिजच्या हार्डी या गणितज्ञाला पत्र घातलं. त्याच्या मूळ संख्यांबद्दलच्या काही दाव्यांत चुका होत्या, त्या हार्डीनं दाखवल्या. एवढ्या मोठ्या डोक्यालाही कुणीतरी चूक दाखवणारा लागला.

मोबाईलमधल्या चॅटबॉटला तू विचारतोस, माहीत आहे. विचार की. तो रात्री तीनलाही जागा असतो. पण तुझे गाल बसलेत हे त्याला दिसत नाही.

तर पान ७, वरून चौथी ओळ. पुढची पस्तीस पानं तिच्यावर उभी आहेत. तिथं काय झालंय ते लिहून कळवणार नाही. रविवारी चारला ये, कागद घेऊन. पान ३१ वरची युक्ती मात्र मला सुचली नसती. ती फळ्यावर मला समजावून दे. आणि निघताना आईला सांगून नीघ, खाऊन नीघ.

तुझा,
सर