जुन्या कागदांच्या सूचीत 'साहित्यप्रकार' की 'लेखप्रकार'?

अमळनेरकडच्या एका वाचनालयात जुन्या कागदांची सूची चालली आहे. तिथून प्रश्न आला आहे: 'विषय' हा रकाना आहेच, पण कागद कोणत्या जातीचा आहे हे सांगणाऱ्या रकान्याला 'साहित्यप्रकार' म्हणावे का?

माझ्या मते म्हणू नये. साहित्यप्रकार म्हटले की कथा, कविता, नाटक डोळ्यांपुढे येते. रोजकीर्द (रोजचा जमाखर्च), महजर (सभेने दिलेला लेखी निवाडा), कैफियत (लेखी हकिगत) त्यात कुठे बसणार? 'लेखप्रकार' लिहा. कागद कशाबद्दल आहे ते विषयात, कागद स्वतः काय आहे ते लेखप्रकारात. ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींसाठीच्या मार्क २१ मांडणीतही विषयाला ६५० आणि प्रकाराला ६५५ असे वेगळे रकाने आहेत.

फारखत घ्या. आपल्याकडे फारकत म्हटले की काडीमोडच आठवते. मुळात मात्र अरबी 'फारिग', म्हणजे मोकळा, आणि 'खत', म्हणजे लेख. मोकळे केल्याचा लेख! त्यामुळे जुन्या दप्तरात सावकाराचे येणे फिटल्याचीही फारखत मिळते. विषय एकीचा कर्ज, दुसरीचा विवाह, लेखप्रकार एकच. हा रकाना नसेल, तर फारखतींचा मसुदा कसकसा बदलत गेला हे पाहणाऱ्याला अख्खे दप्तर उपसावे लागेल.

खान्देशात तर 'वही'शीच अडायला होते. दुकानदाराची जमाखर्चाची ती वही, आणि वहीगायन या लोकगायनात गातात तीही वहीच. सूचीत नुसते 'वही' लिहिले तर लोकगीतांचा अभ्यासक उधारीच्या हिशेबात जाऊन पडेल. म्हणून मी आणखी एक रकाना सुचवतो, 'घाट', म्हणजे कागदाचे बाहेरचे रूप. सुटा कागद, वही, पोथी, बाड (हस्तलिखिताची बांधलेली चोपडी) हे घाट झाले. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरातल्या रामदासी बाडांमुळे 'बाड' हा शब्द आपल्या भागात परका नाही. पण बाड म्हटल्याने आत अभंग आहेत की पदे की आरत्या, ते कळत नाही. ते लेखप्रकारातच यायला हवे. गाण्याच्या वहीला घाट 'वही' आणि लेखप्रकार 'गायनाची वही' असे लिहिले की घोटाळा मिटतो.

प्रकाराचे नाव नवे घडवू नका. बऱ्याचदा ते कागदाच्या माथ्यावर किंवा पहिल्या दोन ओळींतच असते. फारकत, फारखत, फारखती अशी रूपे सापडली, तर रकान्यात सगळीकडे एकच लिहा आणि मूळ रूप शेऱ्यात जसेच्या तसे उतरवा.