सल्ला कॉमर्सचा: बीकॉम, सीए आणि मधले घोळ

यंदा बारावी कॉमर्स. सीए व्हायचं आहे. फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा) द्यावी, की बीकॉम करून थेट इंटरला (दुसऱ्या परीक्षेला) बसावं? (विद्यार्थिनी, बार्शी)

अभ्यास झेपत असेल तर फाउंडेशनच. नोंदणीनंतर फाउंडेशनसाठी चार महिने आणि इंटरसाठी आठ महिने अभ्यासाला द्यावे लागतात. मे-जूनमध्ये फाउंडेशन निघाली की पुढच्या मेमध्ये इंटर देता येते. मग दोन वर्षं आर्टिकलशिप (सीएच्या फर्ममध्ये प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण), त्यानंतर सहा महिने अभ्यास आणि शेवटची परीक्षा, फायनल. एकही अटेम्प्ट वाया गेला नाही तर बारावीनंतर साधारण चार वर्षं लागतात. थेट प्रवेशात आधीची तीन वर्षं पदवीतच जातात, शिवाय कॉमर्सला 55 टक्के (इतर शाखांना 60) हवेत. टीवायला असताना तात्पुरती नोंदणी केली तर आठ महिन्यांचा अभ्यासकाल पदवीच्या वर्षातच सुरू होतो, एवढाच दिलासा.

फाउंडेशनचे शेवटचे दोन पेपर वस्तुनिष्ठ असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. बारावीच्या सवयीने एकही प्रश्न न सोडता गोल काळे करणारे तिथेच अडकतात. आणि हो, तीन वर्षांच्या आर्टिकलशिपची गोष्ट सांगणाऱ्या मावसभावाचं ऐकू नका. 1 जुलै 2023 पासून योजना बदलली आहे.

इंटरच्या पहिल्या ग्रुपमध्ये 62, 45 आणि 41 मिळाले. तिन्ही पेपरांत 40 च्या वर, तरी नापास कसा? (सांगली)

बेरीज करा: 148. प्रत्येक पेपरात 40 हवेत, पण ग्रुपच्या 300 पैकी 150 सुद्धा हवेत. दोन गुणांनी हुकलं. मात्र 60 ची रेषा ओलांडल्यामुळे 62 चा पेपर पुढच्या तीन अटेम्प्टमध्ये पुन्हा द्यावा लागणार नाही आणि ते 62 बेरजेत धरले जातील. म्हणजे उरलेल्या दोन पेपरांत मिळून 88 पुरेत, प्रत्येकी किमान 40 राखून.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगणं भाग आहे. दोन्ही ग्रुप एकत्र दिले असते आणि दुसऱ्यात 160 आले असते, तर एकूण 308 झाले असते. सहाही पेपरांत 40 असतील तर एकत्र देणाऱ्याला 600 पैकी 300 चालतात. म्हणजे दोन्ही ग्रुप एकाच वेळी निघाले असते! तयारी अर्धीकच्ची असेल तर हा जुगार अंगाशी येतो, पण दुसऱ्या ग्रुपची तयारी निम्म्याहून पुढे गेली असेल तर फक्त घाबरून तो सोडू नका.

आर्टिकलशिप कुठे करावी? घराजवळची फर्म लगेच घ्यायला तयार आहे. (पुणे)

आधी एवढंच विचारा: तिथे ऑडिट होतं का, की वर्षभर जीएसटीचीच रिटर्नं भरतात? नुसत्या रिटर्नांवर दोन वर्षं काढली की फायनलचा ऑडिटचा पेपर परका वाटतो.

रिटर्नांचं काम मात्र हलकं समजू नका. 28 जूनचं खरेदीचं एक लाखाचं बिल, त्यावर 18,000 कर. पुरवठादाराने आपलं जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) भरलंच 18 जुलैला. 14 जुलैला तयार झालेल्या जूनच्या 2बी मध्ये (पुरवठादारांच्या रिटर्नांवरून पोर्टलने बनवलेल्या क्रेडिटच्या यादीत) हे बिल नसणार, ते महिनाभराने येणार. टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) बिल आहे म्हणून जूनच्या 3बी मध्ये (कर भरण्याच्या रिटर्नमध्ये) 18,000 चं क्रेडिट, म्हणजे करातली वजावट, घेतलं की फरकाची नोटीस आलीच समजा. महिन्यागणिक असे फरक स्वतः शोधलेला मुलगा फर्ममध्ये लवकर वर येतो.

आर्टिकलशिप इंटरचे दोन्ही ग्रुप आणि आयसीआयटीएसएसचं (माहिती तंत्रज्ञान आणि सॉफ्ट स्किल्सचं) प्रशिक्षण झाल्यावरच सुरू होते. फॉर्म 102 (प्रशिक्षणाचा करार) आणि 103 (नोंदणीचा अर्ज) यांची नोंदणी 30 दिवसांत करून घ्या. ‘सर बघतील’ म्हणून ती राहते आणि उशिराची माफी मागत बसावं लागतं. बीकॉम चालू असेल तर फॉर्म 112 मधून परवानगी घ्या. कॉलेजचे तास आणि ऑफिसची वेळ एकमेकांवर आली तर केलेल्या ट्रेनिंगवरच प्रश्न येतो.

बीकॉम झालं, टॅली येतं. सीए न करता स्वतःचं काम सुरू करता येईल? (महाड)

येईल. कॉमर्सच्या पदवीवर पीसीटी-01 हा अर्ज भरून जीएसटी प्रॅक्टिशनर (दुसऱ्यांची जीएसटी रिटर्नं भरून देणारा) म्हणून नोंदणी होते, त्याला ‘नासिन’ या केंद्राच्या कर-प्रशिक्षण संस्थेच्या परीक्षेची अट आहे. प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि हिशेब लिहिण्याचं कामही करता येतं. टॅक्स ऑडिट (प्राप्तिकरासाठीची हिशेबतपासणी) आणि कंपनीचं ऑडिट मात्र नाही. तिथे प्रॅक्टिसचा दाखला असलेल्या सीएचीच सही लागते आणि सहीसोबत यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा 18 अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. दुसऱ्याच्या सहीवर आपला धंदा उभारू नका. तो सीए उद्या सहीला नाही म्हणाला, तर ग्राहक त्याच्याकडेच जातील.