माझी मुलगी ११ वर्षांची आहे, पियानोची ग्रेड ५ झालीये. तिला कॉन्सर्ट पियानिस्ट व्हायचंय. भारतातून हे जमतं का, आणि पुढे नक्की काय करावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की ग्रेड ५ ला (एकूण आठ पायऱ्यांच्या पियानो परीक्षांपैकी पाचवी) डिस्टिंक्शन मिळालं आणि टीचर म्हणतायत आता लगेच ग्रेड ६ ची पुस्तकं घ्या. आधी त्यावरच बोलते, कारण माझं नेमकं तिथेच चुकलं होतं.

मी डोंबिवलीची. आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यामुळे घरात सूर होता, पियानो नव्हता. आठव्या वर्षी कॅसिओवर सुरू केलं, मग दर शनिवारी आई मला लोकलने दादरला गाडी बदलून वांद्र्याला मिसकडे न्यायची. सतराव्या वर्षी ग्रेड ८ झाली, मार्क चांगले पडले, सोसायटीत पेढे वाटले. मग जर्मनीतल्या एका संगीत विद्यापीठाची (तिकडे होखशूलं म्हणतात) प्रवेश परीक्षा दिली आणि दहा मिनिटांच्या आत बाहेर आले. बाखचा प्रेल्यूड आणि फ्यूग पूर्ण ऐकला, बेथोव्हेनचा सोनाटा मध्येच थांबवला, शोपँचा एत्यूद (तंत्र घडवणारा अभ्यासाचा पीस) अर्धं पान, आणि थँक यू. तसं मध्येच थांबवणं तिथे नॉर्मल असतं, ते मला नंतर कळलं. पण निवड काही झाली नाही.

त्याचं कारण आता स्वच्छ दिसतं. ग्रेडचं कसं असतं, की एका ग्रेडला तीन-चार पीसेस, स्केल्स, थोडं साइट रीडिंग (न पाहिलेलं नोटेशन बघून लगेच वाजवणं), आणि आपण वर्षभर तेच तीन-चार पीसेस घोटतो. म्हणजे आठ ग्रेड मिळून मी धड तीसेक पीसेस वाजवले असतील. माझ्या शेजारी परीक्षेला बसलेल्या मुलांनी तोपर्यंत बाखच्या सगळ्या पंधरा इन्व्हेन्शन्स (दोन हातांत दोन वेगळ्या ओळी चालणारे छोटे पीसेस), चेर्नीच्या सरावाच्या वह्याच्या वह्या, बेथोव्हेनच्या ३२ पैकी सहा-सात सोनाटा, शोपँच्या दोन संचांतल्या २४ एत्यूदपैकी निम्मे हाताखालून घातले होते. ग्रेड वाईट नाहीत, शिस्त लागते, पण तो रस्ता हौशी माणसासाठी आखलेला आहे. ११ ते १५ ही वर्षं हात घडण्याची आहेत, ती सर्टिफिकेटच्या मागे घालवू नका एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. ग्रेड ६ राहू दे, ७ राहू दे, हवी तर शेवटी एकदम ८ द्या.

तर मग काय करायचं? गुरू शोधायचा. आपल्याकडे गाण्यात तालीम म्हणतात ना, अगदी तसंच आहे हे. पियानोमध्ये घराणी असतात हे लोकांना माहीत नसतं. बेथोव्हेनकडे चेर्नी शिकला, चेर्नीकडे लेशेटिट्स्की, त्याच्याकडे श्नाबेल, आणि श्नाबेलकडे नऊ वर्षांचा असताना अमेरिकन पियानिस्ट लिऑन फ्लायशर. तिकडे मॉस्कोत नॉयहाउसकडे रिश्टर आणि गिलेल्स तयार झाले. पुस्तकात नोटेशन सगळ्यांना तेच मिळतं, पण खांद्याचं वजन बोटापर्यंत कसं उतरवायचं, एक स्वर दाबल्यावर तो विझत जाताना पुढचा स्वर त्याच्यावर कसा ठेवायचा, हे शेजारी बसून ऐकणारा माणूसच सांगू शकतो. मुलीच्या टीचरना एकदा नीट विचारा की तुम्ही स्वतः कोणाकडे शिकलात, अजून स्टेजवर वाजवता का. विचारण्यात अपमान काही नाही.

हाताचं मी मुद्दाम सांगतेय. मनगट ताठ ठेवून वेग वाढवायची मला सवय लागली होती, कोणी थांबवलं नाही, आणि विसाव्या वर्षी उजवा हात इतका दुखायला लागला की पेन धरता येईना. परीक्षेत नापास झाल्यावर जर्मनीतच एका वयस्कर बाईंकडे प्रायव्हेट शिकले, त्यांनी पहिले चार महिने मला एकही पीस दिला नाही. फक्त एक एक स्वर, हात सैल, मग दोन स्वर. आजोबा मुलांना बरोबरीच्या लयीत घोटून घ्यायचे, ते पक्कं झाल्याशिवाय दुगुन नाही, तेच. माझं दुखणं गेलं. सगळ्यांचं जातंच असं नाही. वर ज्या फ्लायशरचं नाव घेतलं त्यांच्या उजव्या हाताची बोटं पस्तिशीनंतर, १९६० च्या दशकात, आपोआप आत वळायला लागली, फोकल डिस्टोनिया म्हणजे बोटांवरचा ताबा जाण्याचा आजार. कितीतरी वर्षं ते फक्त डाव्या हाताचं संगीत वाजवत, ऑर्केस्ट्रा कंडक्ट करत आणि शिकवत राहिले, दोन्ही हातांनी परत यायला १९९० चं दशक उजाडलं. (डाव्या हाताचा रावेलचा कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, आहे ना, तो पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विट्गेनश्टाइनसाठी लिहिलेला. जरूर ऐका.) त्यामुळे मुलगी "हात दुखतोय" म्हणाली तर "थोडं सहन कर" अजिबात म्हणू नका, त्याच दिवशी थांबवा.

आता भारतातून जमतं का. मी कायम दांग थाय सोनचं उदाहरण देते. हनोईचा मुलगा, जन्म १९५८ चा, बालपण युद्धात गेलं, बॉम्बहल्ल्यांमुळे म्युझिक स्कूलच गावाकडे हलवलेलं. आणि १९८० मध्ये वॉर्सामधली शोपँ स्पर्धा जिंकली, ती जिंकणारा पहिला आशियाई. पण गोष्ट तिथेच सोडली तर अर्धवट होते. त्याची आई स्वतः पियानिस्ट, तिनेच त्याला शिकवलं, आणि १९७४ मध्ये एका रशियन पियानिस्टने हनोईत त्याला ऐकलं म्हणून तो पुढे मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत पोचला. पुढे तोच शिक्षक झाला आणि याच स्पर्धेचा २०२१ चा विजेता ब्रूस लिऊ आणि २०२५ चा एरिक लू दोघंही त्याच्याकडे शिकलेले. दुसरं उदाहरण कोरियाचा युनचान लिम, सातव्या वर्षी सुरू केलं, सगळं शिक्षण कोरियातच, आणि २०२२ मध्ये अठराव्या वर्षी अमेरिकेतली व्हॅन क्लायबर्न स्पर्धा जिंकणारा सगळ्यात लहान विजेता. फायनलला रखमानिनोव्हचा तिसरा कॉन्चेर्तो. पण कोरियात अशा मुलांसाठी सरकारी संस्था आहेत, तेराव्या वर्षी त्याला मिन्सू सोनसारखा गुरू तिथेच मिळाला.

आपल्याकडे ती साखळी अजून नाही. मुंबईत एनसीपीए हे कलाकेंद्र आहे, २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, चांगले शिक्षकही आहेत, सुरुवात नक्की होते. मुलीला त्या कॉन्सर्ट्सना न्या, रेकॉर्डिंगवर पियानोचा आवाज कळत नाही. पण अठराव्या वर्षी बहुतेकांना बाहेर जावंच लागतं. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी ट्यूशन फी नाही, बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत, शिवाय व्हिसासाठी खात्यात पैसे दाखवावे लागतात (२०२४ च्या नियमाने वर्षाचे ११,९०४ युरो) आणि जर्मन भाषा लागते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीत संस्थेत १९२८ पासून कोणालाच फी नाही, पण जागा अगदीच थोड्या.

करिअरबद्दल थोडक्यात. फक्त सोलो कॉन्सर्टवर पोट भरणारे जगभरात फार थोडे. मोठ्या स्पर्धांना वयाची अट असते, साधारण तिशीपर्यंत, आणि जिंकलं तरी पुढची दोन-तीन वर्षं विमानात, दर शहरात वेगळा पियानो, कारण आपला पियानो कोणी बरोबर नेऊ शकत नाही, पावणेतीन मीटर लांबीचा कॉन्सर्ट ग्रँड असतो तो. बाकी बहुतेक शिकवतात, चेंबर म्युझिक (चार-पाच वादकांचं एकत्र वादन) वाजवतात, किंवा माझ्यासारखं साथीचं काम करतात. मी दुसऱ्या प्रयत्नात पास झाले, आता व्हायोलिन आणि गायनाच्या विद्यार्थ्यांबरोबर परीक्षांना, स्पर्धांना वाजवते. आठवड्याला इतकं नवीन संगीत हाताखालून जातं की मला हे काम मनापासून आवडतं. मुलीला हे सगळे रस्ते आत्तापासून दिसू द्यात, म्हणजे सोलो नाही झालं तर सगळं संपलं असं तिला वाटणार नाही.

घरच्या पियानोबद्दल विचारलंय तुम्ही. अजून दोन-तीन वर्षं चांगला अपराइट (भिंतीला लावायचा उभा पियानो) चालेल, नाहीतर ८८ की आणि हॅमर ॲक्शनचा (खऱ्या पियानोसारख्या जड कीजचा) डिजिटल, पण पुढे आठवड्यातून निदान दोनदा ग्रँडवर (आडव्या पियानोवर) बसायची सोय बघा. ग्रँडमध्ये की पूर्ण वर यायच्या आत तोच स्वर परत वाजतो, पियानो बनवणाऱ्या एरारने १८२१ मध्ये काढलेली युक्ती आहे ती, अपराइटमध्ये ते होत नाही आणि बोटांना चुकीची सवय लागते. अपराइट घेतलात तर बाहेरच्या भिंतीला लावू नका. आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, सूर चढतो, की अडकतात. खोलीत डीह्युमिडिफायर ठेवा आणि पाऊस संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ट्यूनरला बोलवा.

शेवटचं एक, हे आज रात्रीच करून बघा. प्रवेश परीक्षेत कानाचीही परीक्षा असते आणि मी तिथेही पडले होते. पेटीमुळे एक ओळ मला लगेच कळायची, पण चार ओळी एकत्र चालल्या की खालच्या ऐकूच यायच्या नाहीत, कारण आपलं संगीत एका ओळीचं. तिला बाखची एखादी सोपी इन्व्हेन्शन काढायला सांगा, डावा हात एकटा वाजवायचा आणि त्याच वेळी उजव्या हाताची ओळ तोंडाने गायची, मग उलट. अडखळेल, रडकुंडीलाही येईल. रोज दोन ओळी पुरेत. मला हे बाविसाव्या वर्षी शिकावं लागलं, तिच्याकडे अकरा वर्षं जास्त आहेत.