अस्वलाचं मूळ नाव म्हणे घाबरून लोक विसरले आणि आता ते कुणालाच माहीत नाही, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. तुम्ही बहुतेक ते फिरणारं मीम वाचलंय, की अस्वल इतकं भयंकर वाटायचं की लोक त्याचं नाव घ्यायचे नाहीत आणि शेवटी ते नावच हरवलं. हरवलं ते फक्त युरोपातल्या उत्तरेकडच्या काही भाषांमध्ये, बाकी ठिकाणी ते मजेत आहे, आणि गंमत म्हणजे तुम्ही प्रश्न टाईप करताना त्याचाच एक तुकडा वापरलाय, त्याबद्दल खाली सांगतो.

संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी वगैरे भाषा जिच्यातून आल्या ती मूळ भाषा म्हणजे प्रोटो-इंडो-युरोपियन. तिच्यात लिहिलेली एक ओळसुद्धा सापडलेली नाही, त्यामुळे तिच्यातले शब्द लेकी-भाषांची तुलना करून मागे मागे जात बांधावे लागतात. अस्वलासाठी मात्र पुरावा भरपूर आहे. संस्कृत ऋक्ष, ग्रीक आर्क्तोस, लॅटिन उर्सुस, वेल्श आर्थ, आर्मेनियन आर्ज, फारसी खिर्स, हे सगळे एकाच घरातले. यावरून मूळ शब्द साधारण 'हृत्कोस' असा धरतात. आता ऋक्षमध्ये 'क्ष' आणि आर्क्तोसमध्ये 'क्त', हे जुळवताना जुन्या पंडितांच्या नाकी नऊ आले होते, मग 1915 मध्ये ह्रोझ्नी या चेक भाषाशास्त्रज्ञाने तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची हित्ती ही याच कुळातली प्राचीन भाषा उलगडली आणि पुढे त्या भाषेत 'हार्ताक्का' असा शब्द मिळाला, म्हणजे त आधी, क नंतर, आणि सुरुवातीचा ह पण शाबूत! ग्रीकांनी त-कची अदलाबदल केली आणि आपल्याकडे त्याचा क्ष झाला.

आता भीतीचा भाग. रशियन मेद्वेद म्हणजे मूळ अर्थाने मध खाणारा, अगदी आपलं मधु आणि अद् (खाणे). ऋग्वेदात 'मध्वद्' हा शब्द आहेच, फक्त तिथे तो पक्ष्यांसाठी आलाय. इंग्रजी बेअर, जर्मन बेअर म्हणजे 'तपकिरी' असं सहसा सांगतात, संस्कृत बभ्रु त्याच कुळातला. (काही जण तो शब्द 'रानटी जनावर' अशा वेगळ्या धातूपासून काढतात, त्यामुळे तपकिरीवर पैज लावू नका.) जुन्या आयरिशमध्ये तर अस्वलाला 'चांगलं वासरू' अशा अर्थाचं नाव होतं 😀 शिकाऱ्यांनी नाव टाळलं म्हणून हे पर्यायी शब्द रूढ झाले, ही कल्पना फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी 1906 मध्ये मांडली. लिखित पुरावा काही नाही, पण मला ती पटते, कारण आपल्याकडे गावाकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, जनावर किंवा लांबडं म्हणतात, आणि चावला तर 'पान लागलं'. फक्त त्यावरून सगळ्या इंडो-युरोपियन लोकांनी नाव गाडून टाकलं असं म्हणणं म्हणजे अतीच झालं, ग्रीक आणि रोमन लोकांच्या डोंगरातही अस्वलं होतीच की, त्यांनी कुठे नाव सोडलं?

तर तो तुकडा. ऋक्षचं प्राकृतात 'अच्छ' झालं, त्याला 'भल्ल' हा अस्वलासाठीचाच दुसरा शब्द (हिंदीतला भालू त्याचाच नातेवाईक) जोडून 'अच्छभल्ल' झालं, आणि ते घासत घासत मराठीत अस्वल. म्हणजे अस्वल हे खरं तर अस्वल-अस्वल आहे. दुसऱ्या वाटेने ऋक्षपासून हिंदी रीछ आणि आपल्या जुन्या कोशांतलं रीस आलं. जांबवानाला ऋक्षराज म्हणतात ते तुम्हाला माहीत असेलच. राक्षस शब्दही याच्याच नात्यातला असावा असं काही अभ्यासक म्हणतात, दोन्हीच्या मागे नासधूस करणे असा धातू धरून, पण त्यावर एकमत नाही.

आणि एक, आर्क्टिकला ते नाव तिथल्या पांढऱ्या अस्वलांमुळे पडलं असं बरेच जण समजतात, तसं नाहीये. ग्रीक लोक उत्तरेकडच्या ज्या तारकासमूहाला आर्क्तोस म्हणायचे त्यावरून ते आलंय, आणि त्यातलेच सात ठळक तारे म्हणजे आपले सप्तर्षी. शतपथ ब्राह्मणात स्पष्ट लिहिलंय की सप्तर्षींना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत. आपण ज्याला स्वाती म्हणतो तो तारा ग्रीकांकडे आर्क्टुरस, म्हणजे अस्वलाचा राखणदार.